दावं

“शीट एवढं खाली कुणी घेतलंय ओ, ताई?” सायकल अंगणातल्या भिंतीपासून सुटी करत मुजम्मिलनं विचारलं.

संयोगितानं वाकून पाहिलं. खरंच की. तिचे वडील, आबा, ताडमाड उंच. त्यांचं शीट हँडलच्याही वर असायचं. आता ते चांगलं वीतभर खाली आलं होतं.

“गल्लीतल्या पोरांनी खेळताना केलं असेल,” ती म्हणाली.

आई दारात उभी होती. तिच्या हातात फडकं होतं.

मुजम्मिल गडहिंग्लजहून पहिल्या एसटीनं आला होता आणि परत सायकलवरूनच जाणार होता. व्यवहार फोनवर ठरला होता. आता फक्त डोळ्यांनी बघायचं आणि न्यायचं. तो उकिडवा बसला. चेनवरून बोट फिरवलं, मागचं चाक गरकन फिरवून त्याला कान लावला. मेंढ्याच्या शिंगासारखं वळलेलं हँडल, पायडलवर पाऊल आवळून धरणाऱ्या चामड्याच्या वाद्या. सगळं जुनं आणि सगळं मूळचं.

“माझ्यापेक्षा वयानं मोठी हाय की ही! आन् गंजाचा ठिपका न्हाय. आबांनी लेकरागत जपलीया बघा.”

आईनं हातातलं फडकं या हातातून त्या हातात घेतलं.

आबा कागलच्या एमआयडीसीत कामाला होते. आठवडाभर कंपनीची बस आणि रविवारी ही रेसिंग सायकल. पहाटे गगनबावड्याच्या वाटेला लागायचे, ते जेवणवेळेला चिखलानं माखून परत. ते आंघोळीला गेले, की आई रॉकेलचा बोळा घेऊन सायकलपाशी बसायची. एकेक तार पुसून काढायची. लोक सायकलीचं कौतुक करायचे, ते आबांच्या वाट्याला जायचं.

त्यांना जाऊन चार महिने झाले होते. सायकल विकायची गोष्ट आईनंच काढली.

“वर्षश्राद्ध तरी होऊ दे,” संयोगिता म्हणाली होती.

“वर्ष झालं म्हंजे ते परत येणार हायत व्हय? विकायची म्हंजे विकायची.”

ते संयोगिताच्या मनाला लागून राहिलं. माणसाच्या मागं त्याच्या वस्तूसुद्धा एवढ्या घाईनं घराबाहेर काढायच्या? अलीकडं आईचं तिला काही कळेनासंच झालं होतं. जन्मभर साडी नेसलेली बाई घरात लेकीचे जुने पंजाबी ड्रेस घालत होती. परवा नडगी खरचटलेली दिसली. विचारलं तर म्हणाली, “पायरीवरनं घसरलो.” आणि विषय संपला.

मुजम्मिलनं शीट वर घेतलं, घट्ट आवळलं आणि दांडीवरून पाय टाकला.

“थांब रं जरा,” आई पुढं आली. खाली बसून तिनं डाव्या पायडलच्या वादीचं बक्कल सोडवायला घेतलं.

“आई, अगं काय करतेस? आपण सायकल विकलीय.”

“सायकल विकली. दावं न्हाय विकलं. सरक तिकडं, मला काढू दे.”

संयोगिता ओशाळली. मुजम्मिल मात्र हसला.

“असू द्या, ताई. काकूंचं बरोबर हाय. आमचं आज्जं म्हशींचा व्यापार करायचं. जनावर दिलं तरी दावं देत न्हाईत. घेणाऱ्यानं आपलं आणायचं. माझंच चुकलं.” त्यानं पाठीवरच्या पिशवीची एक नाडी ओढून काढली आणि रिकाम्या पायडलला गाठ मारली. “हे घ्या, झालं माझं दावं. काकू, दुधाला चांगली हाय न्हवं?”

“दुधाचं म्हाईत न्हाय,” आई म्हणाली. “पर लाथ मारती. दमानं घे.”

तो हसत हसत गेला. कोपऱ्यावर वळताना हँडल उन्हात एकदा चमकलं. मोकळा रस्ता बघत संयोगिता थोडा वेळ तिथंच उभी राहिली.

ती आत आली, तेव्हा सायकल टेकून असायची त्या भिंतीजवळ आई उभी होती. खुंटीला ती वादी अडकवत होती. अडकवून झाल्यावर तिनं बक्कल फडक्यानं पुसलं. संयोगिता जवळ गेली. चार महिने आईनं डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. ते सगळं असं एका वादीत साठलं होतं तर.

तिनं आईच्या खांद्यावर हात ठेवला. “बरं केलंस. आबांची एवढी तरी आठवण राहिली.”

“आठवणीला वादी कशाला लागती?” आई म्हणाली. “दावं गेलेल्या जनावरासाठी ठेवत न्हाईत, बाई. येणाऱ्यासाठी ठेवत्यात.”

“आता कोण येणारंय?”

आईनं सलवार गुडघ्यापर्यंत वर ओढली. नडगीवरची खूण अजून होतीच. तिच्या शेजारी आणखी दोन होत्या, ताज्या. आणि पोटरीवर चेनच्या वंगणाचा काळा पट्टा.

“आता बिनदांडीची सायकल बघ,” ती म्हणाली. “त्यांच्या दांडीनं मला लई पाडलं.”