लवंगेचा वास

"बाबा, लवंगेचा वास येत नाय," वैशाली म्हणाली, आणि सासऱ्यासाठी आणलेला चहा तिच्या हातातच राहिला.

ओटीवर बसलेला दिनानाथ दचकला. गेले वीस दिवस त्याच्या दाढेत लवंगेच्या तेलाचा बोळा होता आणि घर त्या वासानं भरून गेलं होतं. पण दाताच्या डॉक्टरकडे जाण्याचं नाव काढायचं नाही. करोनाचं दुसरं वर्ष होतं आणि दिनानाथ गावच्या दक्षता समितीचा अध्यक्ष होता. गावाच्या तोंडाशी बांबू आडवा टाकायचा, शेजारी खुर्ची टाकून बसायचं आणि पेणला निघालेल्या प्रत्येकाला "कशाला?" म्हणून विचारायचं, हे काम तो अगदी मन लावून करी. दाताच्या दवाखान्यावर तर त्यानं साफ बंदी घातली होती. "बाकीच्या डॉक्टरांकडं मास्क लावून तरी बसता येतं. तितं आ करून बसायचं. म्हंजे करोनाला पाट मांडून जेवायलाच बोलवायचं!" असं तो सगळ्यांना ऐकवी.

वैशालीची दाढ पंधरा दिवस ठणकत होती. तिला धड जेवण जात नव्हतं. तिनं तीनदा विचारून पाहिलं. तिन्ही वेळा दिनानाथनं स्वतःच्या गालावर हात ठेवला आणि म्हटलं, "मी सोसतोय ना? मंग?" त्या 'मंग'पुढे कुणाची काय टाप होती बोलायची!

आणि परवा त्याचं त्यालाच सोसवेना. पेणला गेलं तर चार ओळखीचे भेटणार. म्हणून फवारणीच्या पंपाचं निमित्त काढून तो उलट्या दिशेनं रोह्याला गेला, निमूट आ करून बसला आणि दाढ उपटून आला. मास्क वर ओढला की सुजलेला गाल झाकून जाई. करोनाचे तेवढे उपकार त्यानं मानले. तेलाची बाटली तर त्यानं खुशीच्या भरात कुंडलिका नदीच्या पुलावरून खाली भिरकावली होती. वासाचं काही त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं.

"येत नाय म्हंजे? बोळा हाय की दाढेत," तो मास्कच्या आतून म्हणाला.

"मला पन नाय येत," त्याचा मुलगा सुशील डोलवीच्या कारखान्यात कामावर निघता निघता दारात थांबला.

दिनानाथची बायको सरू आतून आली, तिनं हवेत दोनदा हुंगलं आणि कपाळाला हात लावला. "माझं पन नाक गेलं गो बाय!"

दिनानाथला आतल्या आत हसू फुटलं. नसलेला वास येणार कुठून? पण हे सांगायचं कोणत्या तोंडानं? त्याला युक्ती सुचली. तो आत गेला, एक कांदा आणला, बुक्कीनं फोडला आणि तिघांच्या नाकाशी एकेक करून धरला.

"आता?"

सुशीलनं छाती भरून श्वास घेतला आणि मान हलवली. सरूनं हलवली. वैशालीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "कायच नाय ओ, बाबा," ती ओढणी तोंडाला लावून कशीबशी म्हणाली. तिचे खांदे गदगदत होते.

दिनानाथच्या तोंडचं पाणी पळालं. रोह्याची ती खुर्ची, तो डोक्यावरचा दिवा, ते हातमोजे सगळं त्याच्या डोळ्यांपुढे आलं. तिथूनच आलं हे! नुसता शिंकला म्हणून ज्यानं गावातल्या रघूला चौदा दिवस शाळेत विलगीकरणात बसवलं, त्यानंच स्वतःच्या घरात करोना आणून सोडला. परवाची लागण आज सकाळी तिघांना एकदम कशी होईल, हे घाबरलेल्या माणसाला कुठलं सुचायला! सुनेचं रडणं त्याला बघवेना. गावात अब्रू गेली तर जाऊ दे, पण ही माणसं वाचली पाहिजेत, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

"मी आनलाय!" त्यानं मास्क ओढून काढला. "परवा रोह्याला पंपाला नाय गेलो. दाढ काढून आलो. ही बघा!"

त्यानं आ केला. तिघांनी वाकून आत पाहिलं. दाढेच्या जागी चांगला खड्डा होता. मग दिनानाथला करोनाची आठवण झाली आणि त्यानं घाईघाईनं मास्क पुन्हा चढवला.

"म्हंजे दाताच्या डॉक्टरकडं जाता येतं?" वैशालीनं डोळे पुसत विचारलं.

"येतं गो. दहा मिनटांचं काम. सुई मारली का कळत पन नाय."

"मंग मी जाऊ?"

"जा, माझे आय, जा! बांबू मी सोता उचलतो. पन आधी टेस्टला चला सगळी!" त्यानं खिशातून दवाखान्याची चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली.

वैशालीनं चिठ्ठी नीट वाचली, घडी करून पर्समध्ये ठेवली आणि चपला घातल्या. सुशीलनं अंगणात मोटारसायकलला किक मारली. टेस्टचं कुणी नाव काढीना. नाक गेलेली माणसं एवढी निवांत कशी, हे दिनानाथला कळेना. तो ओटीवर फुटका कांदा हातात घेऊन तसाच उभा राहिला.

सरूनं स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"अवो, उभे काय ऱ्हायलाव? भात उतरवा जा. करपल्याचा वास येत नाय का तुमाला?"