एक, तीन, चार

"एक!" वरून धुक्यातून नवऱ्याची हाक आली.

मग क्षणभर काहीच नाही.

"तीन!" पुढे चालणारी पोर ओरडली.

"चार," सगळ्यात मागून ती म्हणाली आणि दात-ओठ खात पुढचं पाऊल टाकलं.

धुकं उतरलं की पुढून मागे असा नंबर द्यायचा, म्हणजे कोण मागे राहिलं ते कळतं, हा या घराचा डोंगरातला नियम. एक म्हणजे बाबा, दोन म्हणजे आई, तीन म्हणजे लेक. आई वारली, पण तिचा नंबर कुणी काढून घेतला नाही. नवी बायको आली, तिला चार मिळाला. माणसं तीन आणि मोजणी चारपर्यंत! दुसऱ्या कुणाच्या घरातली गोष्ट असती तर तिनं पोट धरधरून हसून घेतलं असतं.

वाट जेमतेम पाऊल मावेल एवढी. एका हाताला कातळ, दुसऱ्या हाताला नुसतं पांढरं धुकं, त्याच्या खाली काय आहे ते न बघितलेलंच बरं. रात्रभर तंबू गळला होता. दातांच्या दवाखान्यात दिवसभर लोकांना "मोठा आ करा" म्हणणारी बाई ती, तिला कसला आलाय डोंगर? आणि नवरा तरी काय, लोकांना पायऱ्या चढायला लागू नयेत म्हणून लिफ्ट दुरुस्त करत फिरणारा माणूस, सुट्टी मिळाली की उठून कडे चढायला निघतो!

पाठीवरची सॅकसुद्धा पहिलीचीच. पहिली उंच होती. सकाळी निघताना हिनं विचारलं होतं, "पट्टे जरा ओढून घेऊ का गं? खांद्याला काचतायत."

"नको," पोर म्हणाली. "ते आईच्या मापाचे आहेत."

नवरा तेवढ्यात बुटाची नाडी बांधायला वाकला. नाडी बांधायला माणसाला किती वेळ लागतो? बायको आणि लेक समोरासमोर उभ्या असल्या की बराच लागतो.

आणि वाटभर तेच. आई इथे कधी दमायची नाही. आई ही चढण गाणी म्हणत चढायची. आईला धुक्यातसुद्धा वाट दिसायची. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, हिच्या मनात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली. लाज फार वेळ टिकली नाही, कारण चढण पुढे अजून बरीच होती.

हेवा वाटत होता तिला, दुसरं काही नाही. जिवंत सवतीशी निदान कडाकडा भांडता तरी येतं. मेलेलीशी काय भांडणार, भिंतीवरच्या फोटोत ती सदा हसतच असते! आणि हिला फार काही नको होतं. पोरीनं एकदा आपणहून जवळ यावं, एवढंच. पोर उर्मट नव्हती. ताट उचलायची, थँक्यू म्हणायची, दार हळू लावायची. पाहुण्यांच्या घरी राहिल्यासारखी वागायची.

ओल्या दगडावरून तिचा पाय सटकला. गुडघा सणकून आपटला. "आई गं!" तोंडातून निघालंच. पुढे कुणी वळून बघितलं नाही.

"एक!" वरून हाक आली.

पुन्हा तीच शांतता. आता तिला ती नीट ऐकू आली. पोर थांबते, हे एक वेळ समजण्यासारखं होतं. पण तोही थांबतो की! दोघं मिळून त्या बाईची वाट बघतात, दर वेळी, आणि मी मागे गुडघा चोळत बसते. डोकंच फिरलं तिचं.

"दोन!" ती ओरडली. होता नव्हता तेवढा जीव एकवटून ओरडली.

तीन आलाच नाही.

"तीन?" नवऱ्यानं विचारलं. वारा तेवढा वाजत राहिला. "तीन! अगं, कुठे आहेस?"

ती धुक्यात डोळे ताणून बघायला लागली. वाट केवढी, पोर केवढी, आणि आपण हे काय करून बसलो? तेवढ्यात वरून खडे घरंगळत आले. कुणीतरी धावत खाली येत होतं, या वाटेवरून, धावत! जागेवर थांब, म्हणायला तिनं तोंड उघडलं.

धुक्यातून पोर आली ती थेट तिच्या अंगावर आदळली. तिनं कातळाला पाठ लावून तोल सावरला. पोरीनं सॅकसकट मिठी मारली होती, ओल्या जाकिटात तोंड खुपसलं होतं.

मिठी कुणासाठी आहे ते तिला कळलं. न कळायला ती काही दूधखुळी नव्हती. शेजारणीच्या नावाचं पार्सल आपण सही करून घरात घ्यावं, तसं झालं होतं. तरी परत करवेना. एक शब्द बोललो तर पोर मान वर करेल, बघेल आणि थँक्यू म्हणून बाजूला होईल. तिनं श्वास रोखून धरला.

"तीन! चार!" वर नवरा जिवाच्या आकांतानं ओरडत होता. "चार! अगं, आहेस ना? बोल ना गं!"

इतक्या कळवळ्यानं त्यानं तिला कधी हाक मारली नव्हती. ओ द्यायला हवी होती. शहाण्या बाईनं दिली असती. ओरडू दे की थोडा, तिच्या मनात आलं, आणि तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

पोरीनं मान वर केली नाही. मिठीही सोडली नाही.

"बाबा घाबरलेत," ती जाकिटातच म्हणाली. "तुम्ही म्हणा ना, चार."