कोरा रकाना

"सातव्या दिवशी साल गळून पडेल आणि आतून बाळासारखी कातडी येईल, असं तुम्हीच म्हणाला होता ना?" नगातबाईंनी लेकीची हनुवटी धरून तिचा चेहरा डॉक्टर शिरीन यांच्याकडे वळवला. "आज बारावा दिवस. बघा हे बाळ."

रदवाने डोळे मिटून घेतले. मुरमांचे खड्डे भरून यावेत म्हणून याच दवाखान्यात तिच्या चेहऱ्यावर ॲसिडचा लेप लावला होता. कपाळ आणि नाक ठरल्याप्रमाणे सोलून गुलाबी झालं होतं. पण दोन्ही गालांवर बाटलीच्या झाकणाएवढ्या ओल्या जखमा होत्या आणि ओठाच्या उजव्या कोपऱ्याशी जाड, काळसर खपली धरली होती. चार दिवस ती मसुरीचं सार नळीने ओढत होती.

डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं. "उन्हात गेली होतीस? नखाने सोललंस?"

रदवाने दोन्ही वेळा मान हलवली. नाही. ते खरंच होतं.

"उन्हात कुठली जातेय? गॅलरीच्या पडद्यांना मी मधोमध टाके घातलेत." नगातबाई मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, आवाज मैदानाच्या मापाचा. बाहेर पाळीची वाट बघणाऱ्या बायका एकदम गप्प झाल्या. "पुढच्या महिन्यात विमान कंपनीत मुलाखत आहे हिची. मागच्या वर्षी गाल बघून परत पाठवली. आता तर दारातूनच वळवतील. खुणा राहतील ना या?"

"राहतील," डॉक्टर म्हणाल्या. "जुन्या होत्या त्यात थोड्या नव्या."

त्यांनी भिंग टेबलावर ठेवलं.

"पण एवढ्या सौम्य ॲसिडने असं होत नाही. कातडी आधीच कमजोर असली तरच होतं. मुरमांच्या त्या जहाल गोळ्या कुणी घेत असेल, तर बंद केल्यावर सहा महिने आम्ही चेहऱ्याला हात लावत नाही." त्यांनी लेपाआधी भरलेला रदवाचा कागद काढला, उलटला आणि हाक मारली, "अफाफ!"

अफाफ आत आली. पन्नाशीला आलेली, नऊ वर्षं इथेच काम करणारी परिचारिका. लेप लावला त्या दिवशी गालांची लाही लाही होत होती, तेव्हा हिनेच पुठ्ठ्याने वारा घातला होता. 'ट्रामचे थांबे उलटे म्हण बघू, समुद्राकडून सुरुवात कर,' असं सांगून तिने रदवाला पुरती तीन मिनिटं गुंतवून ठेवलं होतं.

"औषधांचा रकाना कोरा आहे," डॉक्टर म्हणाल्या.

"मी विचारलं होतं, डॉक्टर. नाही म्हणाली ती."

"मग 'नाही' एवढं लिहायला काय झालं होतं?"

"गर्दी होती त्या दिवशी." अफाफने मान खाली घातली. "राहून गेलं."

"राहून गेलं!" नगातबाई उसळल्या. "माझ्या पोरीचं तोंड जळलं आणि हिचं राहून गेलं! आणि वर म्हणे विचारलं होतं. माझ्या घरात डोकेदुखीची गोळीसुद्धा मला सांगितल्याशिवाय कुणी घेत नाही, कळलं?"

रदवाने दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. पाच महिने ती त्याच गोळ्या घेत होती. रक्त तपासल्याशिवाय त्या देत नाहीत. तिने औषधाच्या दुकानातल्या मैत्रिणीला गळ घालून आणल्या होत्या. शेवटची घेतली ती लेपाच्या आदल्या आठवड्यात. सहा महिने थांबावं लागतं हेही तिला ठाऊक होतं. पण तेव्हा मुलाखतीला सात आठवडेच उरले होते.

"जखमांवर उपचार मी करते, त्याचं काही देऊ नका," डॉक्टर नगातबाईंना म्हणाल्या. मग अफाफकडे न बघता, "तुम्ही उद्यापासून येऊ नका."

अफाफने मान वर केली. म्हणाली, "एवढी मलमपट्टी करून जाऊ?"

"हात लावायचा नाही तिला!" नगातबाई ओरडल्या.

"बरं." अफाफ रदवाकडे वळली. "मलम कोरडं पडू देऊ नकोस, पोरी. दोन दिवसांत खाज सुटेल. खाजवायचं नाही. पालथी झोपायचं नाही." आणि ती दाराकडे निघाली.

"विचारलं होतं," रदवा म्हणाली.

ओठ न हलवता बोलल्यामुळे ते पुटपुटल्यासारखं झालं. आईने कान पुढे केला. "काय गं?"

"मिस अफाफनी विचारलं होतं. दोनदा." या वेळी तिने तोंड पुरतं उघडलं. कोपऱ्यातली खपली तडकली आणि हनुवटीवरून काहीतरी गरम उतरायला लागलं. "गोळ्या चालू होत्या, आई. पाच महिने. मी खोटं बोलले."

नगातबाई मागच्या खुर्चीवर बसल्या. डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं आणि कागद पुढे ओढला.

"पाच महिने," नगातबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज टेबलाच्या पलीकडेही गेला नसता. "माझ्या घरात? कुठे ठेवत होतीस?"

"अफाफ, कापूस आणा," डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाल्या.

अफाफ कापूस घेऊनच दारातून परतली होती. उत्तर द्यायला रदवाने पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा अफाफने एका हाताने तिचं डोकं मागून धरलं आणि दुसऱ्या हाताने ओठाचा कोपरा दाबला.

"पुरे आता," ती म्हणाली. "बोलू नकोस."