दिघीचा पत्ता

"त्या पत्त्यातून दिघी काढ," तनुजा म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

मिनलनं लॅपटॉप पुढं ओढला. दोघी मैत्रिणी दिघीत एकाच खोलीत राहायच्या. तनुजा डबे करायची आणि ब्लॉगवर पदार्थ लिहायची. गेल्याच आठवड्यात मिनलनं हौसेनं त्या लेखांचे इंटरनेटवरचे पत्ते नीट करून दिले होते. आधी पत्त्याच्या शेवटी नुसते आकडे असायचे.

"आकड्यांवरून गुगलला काय कळणार? कामाचे चार शब्द हवेत, मध्ये आडव्या रेघा, बास," असं म्हणत तिनं पेजेच्या एका लेखाला पत्ता दिला होता: हुलग्याचं-माडगं-घरगुती-डबे-दिघी. डब्यांची मागणी लगेच वाढली.

आणि आज त्या लेखाखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'ह्ये माडगं आमच्या घरातलं हाय. दिघीत कुठं राहतीस?'

खाली नाव नव्हतं. तनुजाला नावाची गरजही नव्हती. चाकणजवळच्या सासरहून ती निघाली तेव्हा तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. नवरा, ज्योतीराम, शिफ्टवरून यायच्या आत तिनं घर सोडलं होतं. ब्लॉगवर नावसुद्धा खोटं घेतलं होतं.

मिनलनं पत्त्यातून 'दिघी' काढलं. तनुजानं जुना पत्ता टाकून पाहिला. लेख तसाच उघडला.

"जुना पत्ता आपोआप नव्यावर नेतो गं," मिनल म्हणाली. "वाचक चुकू नयेत म्हणून सोय असते तशी."

"मग लेखच उडव."

मिनलनं लेख उडवला. मग तिचा चेहरा पडला. "तनू, मघाशी तू आंघोळीला गेलीस तेव्हा फोन आला होता. पुरुषाचा आवाज. डबा घरी येऊन नेतो म्हणाला. मी घर सांगितलं."

तनुजा ताडकन उठली. तिनं दाराला कडी घातली, टेबल ओढून आडवं लावलं. खाली रिक्षा थांबली. जिन्यात पावलं वाजू लागली. मध्येच थांबली, पुन्हा वाजली. मिनल पोलिसांचा नंबर लावू लागली.

दारावर थाप पडली.

"तनुजा."

आवाज सासूचा होता, गवराबाईंचा. तनुजाचा हात मोडला त्या दिवशी ही बाई पलीकडच्या खोलीत गप्प बसून होती. आता लेकानं तिलाच पुढं घातलं असणार.

"ते कुठंयत?" तनुजानं आतूनच विचारलं.

"खाली निस्ता रिक्षावाला हाय. फोनवर त्योच बोलला. आन् मोबाइलवर लिवलं शेजारच्या पोरीनं, मी सांगितलं म्हून."

"मी परत येणार नाही. जाऊन सांगा त्यांना."

गवराबाई बाहेरून दाराला टेकल्या. नुसता धापेचा आवाज येत राहिला.

"न्यायला न्हाई आले, पोरी," गवराबाई म्हणाल्या. "तू गेल्यापास्नं त्याचा हात माझ्यावर चालतोय. त्यो हुडकत यायच्या आत मला आत घे."