गळका पाइप

अंतराळस्थानक चालवायचा गेम तो एकटाच बनवत होता. त्यातल्या एका पाइपनं महिनाभर त्याचं डोकं खाल्लं. कितीदाही जोडा, दुसऱ्या दिवशी पुन्हा गळायचाच. शेवटी प्रोग्रॅममधली चूक सापडली, गळती थांबली, खेळणारे खूश झाले. तक्रार आली ती एकच, आणि तीही घरातूनच.

“गळती कशाला बंद केलीस?” बाबा म्हणाले. “स्थानकावरचा माझा फिटर सकाळपासून पाना धरून नुसता बसलाय.”

“अहो बाबा, महिना घातलाय मी त्यात! दुसरं काम द्या ना त्याला. भाजी लावायचीसुद्धा सोय केलीय तिथं.”

“दुसरं येतं कुठं त्याला?” म्हणत, चार महिन्यांपूर्वी फिटरच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या बाबांनी कॉम्प्युटर बंद केला.