तिसरी हाक

पाणी सोडून झालं. तांब्यातला शेवटचा थेंब ताटलीत पडला आणि भन्तेंनी डोळे उघडले. आता ओन यीने तीन हाका मारायच्या, पुण्याचा वाटा घ्या म्हणायचं, आणि प्रत्येक हाकेला गावाने ‘साधु’ म्हणायचं. तिन्ही वेळा गाव बोललं की मेलेला माणूस घरातून निघतो. नाही बोललं तर दारातच बसून राहतो, उपाशी. तिचा मुलगा प्ये सोन गेल्याला आज सातवा दिवस होता. या दिवसांत ओन यीने एकदाही दार लावून घेतलं नव्हतं.

अंगणात चटया कमी पडल्या होत्या. एवढी माणसं येतील असं तिला वाटलंच नव्हतं. कारण प्ये सोन लष्कराच्या वर्दीत मेला होता, आणि वर्दीवाल्याच्या घरचा घास भन्तेंच्या पात्रात पडू द्यायचा नाही, हा गावाचा नेम होता. लष्कराने सत्ता बळकावली त्या वर्षी बुद्धमूर्तीपुढे गुडघे टेकून सगळ्यांनी तो घेतला होता. घ्यायला लावणारी ओन यीच. पहाटे ध्यानाला बसायची, दिवसा लष्कराविरुद्ध संपावर गेलेल्या मास्तरांसाठी घरोघर तांदूळ मागायची, आणि नेमात कुणी कुचराई केली तर त्याला चारचौघांत झाडायची. तिच्या जिभेला भन्तेही वचकून असत.

पण काल येमोन येऊन गेली. येमोन गावच्या शाळेतली मास्तरीण, संपात सगळ्यांच्या पुढे.

"मावशी, तुमची गोष्ट निराळी," ती म्हणाली. "प्ये सोनला लष्करवाल्यांनी भरतीसाठी बसथांब्यावरून उचलून नेलं. तो काय हौसेनं गेला होता? भन्ते येतील, आम्हीही सगळे येऊ. तुम्ही फक्त स्वयंपाकाचं बघा."

ओन यी तिचे हात धरून रडली होती. सगळी रात्र तिने भोपळा चिरला, कोंबडी शिजवली. भन्तेंनी आज पात्राचं झाकण काढलं तेव्हा तिला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं.

पहिली हाक तिने खणखणीत मारली.

"घ्या हो! माझ्या प्ये सोनच्या नावानं केलेल्या दानाचा वाटा घ्या!"

"साधु!" गाव एका तोंडाने म्हणालं.

दुसरी हाकही तशीच गेली. गावानेही साथ दिली.

"ओन यी."

कुंपणापलीकडे म्या खिन उभी होती. शेजारीण. अंगणातल्या माणसांनी माना फिरवल्या, कारण तिच्याशी कुणी बोलत नसे. तिचा मुलगा थू माउंगही वर्दीतच मेला होता. तिनेही सातव्या दिवशी असाच स्वयंपाक केला होता. भिक्षेला निघालेल्या भन्तेंची रांग तिच्या दारापुढे जराशी अडखळली, तेव्हा मागून ओन यीच म्हणाली होती, ‘पुढे चला.’

"माझा वर्ष झालं दारात बसलाय," म्या खिन म्हणाली. "एक हाक राहिलीय ना तुझी? त्यातच त्याचं नाव घे. तुझं काय जातंय?"

"जा गं बाई तू इथून," येमोन उठून उभी राहिली. "तुझा पोरगा आपल्या पायानं गेला होता."

"पोटासाठी गेला. जायच्या दिवशी याच अंगणात जेवून गेला. विचार तिला."

येमोनने विचारलं नाही. ओन यीला म्या खिनचा भयंकर राग आला. नेमकं आजच तोंड उघडायचं होतं हिला! एक हाक, फक्त एक हाक, आणि पोर सुटलं असतं. पण थू माउंग इथे जेवून गेला होता, हे खरं होतं. ती भन्तेंकडे वळली.

"भन्ते, पहाटे आपण म्हणतो, सर्व प्राणिमात्र सुखी होवोत. त्यात थू माउंग येतो?"

"येतो."

"मग?"

"ते ध्यानात, उपासिके. इथं गाव बसलंय." भन्तेंनी सूर्याकडे पाहिलं. "हाक मार. दुपार झाली की आम्हाला जेवता येणार नाही."

ओन यीने गावाकडे पाहिलं. एकेक चेहरा तिच्या ओळखीचा होता. कुणाला घरात जाऊन समजावलं होतं, कुणाला दटावलं होतं, कुणाची वर्षानुवर्षांची मैत्री या नेमापायी तोडायला लावली होती. किती कडक व्हायचं, हे या माणसांना तिनेच शिकवलं होतं. तिने उघड्या दाराकडे पाहिलं. प्ये सोनचं नाव एकट्याचं घेतलं असतं तर कुणीच तिला बोल लावला नसता. म्या खिननेसुद्धा नसता लावला. ती नुसती घरात निघून गेली असती, तेव्हा गेली होती तशीच.

ओन यीने हात जोडले.

"घ्या हो! माझ्या प्ये सोनच्या नावानं, आणि म्या खिनच्या थू माउंगच्या नावानं, वाटा घ्या!"

कुणी बोललं नाही. येमोन खाली बघत चटईची काडी उपसत राहिली. मागच्या रांगेतला एक जण लुंगी झटकून उठला आणि चालू लागला. भन्तेंनी ताडाच्या पानाचा पंखा तोंडापुढे धरला.

"म्हणा की हो," ओन यी म्हणाली. "माझा पोरगा आहे त्यात."

पंखा हलला नाही. माणसं एकमेकांकडे न बघता उठू लागली. कालवण झाकलेलं तसंच राहिलं.

"राहू दे, ओन यी," कुंपणापलीकडून म्या खिन म्हणाली. "वर्षभर एकटाच होता माझा. आता त्याला सोबत झाली."