केसपेपरच्या खिडकीतला उखाणा

या माउलींनो, जरा पुढं सरकून बसा. सांगलीच्या एका दवाखान्यातली त्र्याहत्तर सालची गोष्ट सांगतो. गुणमाला दवाखान्याच्या कारभाराची पदवी शिकत होती आणि प्रात्यक्षिकासाठी केसपेपरच्या खिडकीत बसली होती. नावाशिवाय केसपेपर नाही आणि केसपेपरशिवाय इंजेक्शन नाही, हा पहिला धडा तिला तोंडपाठ होता. खिडकीसमोर ऊसतोडीला आलेली म्हसवडची शालूबाई उभी होती. फडात साप चावलेला तिचा नवरा बाकावर निळा पडत चालला होता.

"नाव सांगा त्यांचं."

"आवं, घरधन्याचं नाव कसं घिऊ?"

"मग लिहून द्या."

"अक्षर येत न्हाई, बाई."

"सोबत कोण आहे?"

"जीपवाला सोडून गेला."

बाकावरचा श्वास घरघरू लागला. शालूबाईचे ओठ हलायचे, पण नाव काही बाहेर येईना. गुणमाला खुर्चीतून उठली.

"मावशी, उखाणा घ्या."

शालूबाईनं डोक्यावर पदर ओढला.

"सिद्धनाथाच्या नावानं पदर पसरते आज,
जोतीरामरावांना आत घ्या, राखा कुंकवाची लाज."

गुणमालानं नाव लिहिलं, इंजेक्शन मिळालं आणि देवाच्या कृपेनं जोतीराम वाचला. पुढं परीक्षेत गुणमालानं लिहिलं, 'आधी रुग्ण आत घ्यावा, नाव मागून विचारावं.' सरांनी त्या उत्तरावर लाल फुली मारली. ती फुली तिनं जन्मभर मानली नाही.

आता कुणाच्या लग्नात नवी सून लाजत उखाणा घेईल, तेव्हा त्या खिडकीशी न लाजता उखाणा घेणाऱ्या शालूबाईला तेवढं आठवा.